मुकब्बिर ते मायक्रोफोन

आमच्या शहरात कोणताही जलसा सुरू होण्याची खूण एकच. मंडपवाल्याचा पोऱ्या स्टेजवर चढतो, माइकवर दोन बोटांनी टकटक करतो, जोरात फुंकर मारतो आणि म्हणतो, "हॅलो, चेक, वन, टू, थ्री." खुलताबादचा उर्स असो, पैठणची नाथषष्ठी असो, आमखास मैदानावरची सभा असो की एखाद्या मोहल्ल्यातला छोटासा मुशायरा असो, सुरुवात अशीच होते. मग भोंगा एक लांब शिट्टी मारतो, पुढच्या रांगेतली पोरे कानांवर हात ठेवतात आणि कार्यक्रम चालू होतो.

या शहरावर पुष्कळ लिहिले गेले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. दरवाजे, नहर, पाणचक्की, मकबरा यांचा इतिहास शाळकरी पोरही सांगेल. परंतु या शहरात माणसाचा आवाज माणसापर्यंत कसा पोहोचत होता, याचा इतिहास कोणी सांगत नाही. तो सांगावा असे आम्हांला का वाटले, त्याचे कारण शेवटी येईल. त्यात आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती चूक इतरांनी करू नये म्हणूनच हा खटाटोप.

माइकच्या आधीचा आवाज

आमच्या जामा मशिदीत पन्नास खांब आहेत, पाच रांगांत उभे. खांबांवर कमानी, कमानींवर छत. अशा इमारतीत इमामाचा आवाज पहिल्या दोन-चार सफांपर्यंत स्वच्छ जातो. त्यापुढे तो खांबांवर आपटतो, कमानीत घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जुम्याला किंवा ईदला मागच्या सफेतल्या माणसाने रुकू कधी करायचा, सजद्यात कधी जायचे? यासाठी आपल्याकडे एक फार जुनी व्यवस्था आहे. तिचे नाव मुकब्बिर. इमामाने 'अल्लाहु अकबर' म्हटले की मधल्या सफेत उभा असलेला खड्या आवाजाचा एक माणूस तेच शब्द पुन्हा उच्चारतो. जमात मोठी असेल तर त्याच्याही मागे दुसरा. असा आवाज माणसांच्या खांद्यांवरून शेवटच्या सफेपर्यंत जात असे. गंमत अशी की, पुढे लाउडस्पीकर आला तेव्हा अरबीत त्याला 'मुकब्बिर-उस-सौत', म्हणजे आवाज मोठा करणारा, असेच नाव मिळाले. माणसाचे काम यंत्राकडे गेले आणि सोबत नावही गेले.

वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यात, उलटा प्रकार आहे. तिथे दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. कोणी एक सूर लावला की तो सूर सोडल्यानंतरही काही क्षण वर तरंगत राहतो. संथ मंत्रपठणासाठी ही जागा उत्तम. पण तिथे भरभर भाषण करून पाहा, एक शब्द धड कळणार नाही. आवाजाला जागा लागते आणि प्रत्येक जागा प्रत्येक आवाजाला मानवत नाही, हा धडा आमच्या जिल्ह्यातल्या दगडाने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. आजचे साउंडवाले तोच धडा पैसे मोजून शिकतात.

कीर्तनकार, भारुडवाले, गोंधळी, शाहीर यांच्याकडे तर घसा हेच यंत्र होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून आपल्या मुस्लिम संतकवींची जी परंपरा आहे, ती सगळी अशीच तोंडातून कानात आणि कानातून तोंडात आली. टाळकरी ध्रुपद का धरतात? बुवांना दम घेता यावा म्हणून, आणि मागच्या माणसाला ओळ पुन्हा ऐकू यावी म्हणूनसुद्धा. कव्वालीत हमनवा जो मिसरा पुन्हा पुन्हा उचलतात त्यातही हा हिशेब आहेच. मंडळी बदलतात, पण मुकब्बिर सगळीकडे आहे.

आणि ध्वनिमुद्रण? तेही आमच्याकडे होते असे म्हटले तर वाचक हसतील. पण खुलताबादला जाऊन या. तिथे अमीर हसन सिजझी दफन आहेत. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिसीत बसून त्यांचे बोलणे त्यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवले, तोच 'फवाइद-उल-फुआद' हा ग्रंथ. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी आणली तेव्हा ते दख्खनमध्ये आले आणि इथल्याच मातीत मिसळले. खुलताबादचेच हजरत बुरहानुद्दीन गरीब, ज्यांचे १३३७ मध्ये निधन झाले आणि ज्यांची समाअची आवड विख्यात होती, त्यांचे बोलणे त्यांच्या मुरीदांनी असेच लिहून ठेवले. या प्रकाराला मलफूजात म्हणतात. गुरूच्या तोंडून निघालेला शब्द हरवू नये, ही ओढ आमच्या भागात सातशे वर्षांची आहे. फक्त त्या काळी शब्द राहिले, आवाज गेला. बुरहानुद्दीन गरीबांचा आवाज कसा होता, समाअच्या वेळी कव्वाल कोणत्या सुरात गात होते, हे कोणत्याच कागदावर नाही. सिराज औरंगाबादी (१७१५-१७६३) यांची गजल आज भारत-पाकिस्तानातले कव्वाल गातात. सिराजमियाँ स्वतः ती कशी म्हणत असतील, कोणाला ठाऊक?

कर्ण्यात तोंड घालून

मायक्रोफोनचा जन्म टेलिफोनसोबत झाला. १८७७-७८ च्या सुमारास एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांनी कार्बनचा वापर करून आवाजाची वीज बनवण्याची युक्ती शोधली. परंतु गाणे रेकॉर्ड करायला तो माइक कामाचा नव्हता. त्यात खरखर फार. म्हणून १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले ते माइकशिवायच. गाणारीने एका मोठ्या कर्ण्याजवळ तोंड न्यायचे, जिवाच्या आकांताने गायचे, तीन मिनिटांत राग आटपायचा आणि शेवटी आपले नाव मोठ्याने सांगायचे. हे नाव सांगणे प्रौढीपोटी नव्हते. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या. तिथल्या कारागिराला ही बाई कोण हे कळावे म्हणून ती सोय होती.

कर्ण्याला फक्त मोठा आवाज कळायचा. बारीक, हळुवार गळ्याची माणसे तिथे मार खात. १९२५ मध्ये इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आले, कर्ण्याच्या जागी कंडेन्सर मायक्रोफोन आला आणि चित्र पालटले. याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्या मिरजेत आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गायले आणि पुन्हा १९३० नंतर माइकसमोर गायले. दोन्ही तबकड्या ऐकून पाहाव्यात. पहिल्यांत एक घाईतला गवई आहे. दुसऱ्यांत तो विरघळणारा, पातळ, तारेसारखा सूर आहे ज्याच्यासाठी किराणा घराणे ओळखले जाते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. वेळेवर योग्य माइक आला नसता, तर पुढच्या पिढ्यांनी त्यांचा मोठेपणा केवळ ऐकीव गोष्टींवर मानला असता. ही किती थोडक्यात चुकलेली हानी आहे, याचा विचार करावा.

शहरात माइक आला

औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. हैदराबादप्रमाणे या शहरातही संस्थानाचे रेडिओ केंद्र होते आणि १९५० मध्ये, संस्थान विलीन झाल्यानंतर, ते आकाशवाणीकडे गेले. पुढे ते बंद पडले आणि शहराला स्वतःचे केंद्र पुन्हा मिळायला बरीच वर्षे जावी लागली. तरी एक गोष्ट घडून गेली होती. स्टुडिओतल्या माइकसमोर ओरडायचे नसते, कुजबुजले तरी चालते, हे लोकांना कळले होते. जगभरच्या रेडिओ स्टुडिओंत तेव्हा रिबन माइकचा बोलबाला होता. त्यात अॅल्युमिनियमची, केसाहून पातळ अशी पट्टी दोन चुंबकांच्या मध्ये टांगलेली असते. आवाज फार मऊ आणि खरा येतो, पण कोणी फुंकर मारली की पट्टी गेलीच म्हणून समजा. आमच्या मंडपवाल्या पोऱ्याची फुंकर तिथे चालली नसती!

मैदानातला माइक वेगळ्या वाटेने आला. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी ध्वनिवर्धक पुरवत असे. गांधीजी, नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर ही नावाची पट्टी दिसते. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते. माइक पुरवणारा माणूस नुसता भाड्याचे सामान आणणारा नसतो, कधी कधी तोही इतिहासाचा भागीदार असतो, हे यावरून दिसते.

त्याच काळात आपल्याकडे असा एक शाहीर होता की ज्याच्यापुढे माइक थिटा पडे. बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६-१९६९). अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज महाराष्ट्राने ऐकला. आवाज पहाडी असला की माइक तोंडाशी चिकटवून चालत नाही. जवळ धरला तर तो फाटतो, दोन हात दूर ठेवला तर टाळ्या आणि वारा आत शिरतो. एका मुसलमान शाहिराने मराठी माणसाचा लढा आपल्या गळ्यावर पेलला, ही गोष्ट आज पुन्हा पुन्हा सांगावी लागते याचे दुःख आहे. परंतु ती सांगायची तर त्यांच्या आवाजासकट सांगता आली पाहिजे.

आणि मुशायरा. जुन्या मैफलीत शमा फिरायची. ज्याच्यासमोर शमा येईल त्याने कलाम पेश करायचा. माइक आला आणि शमा गेली. आता शायर उठून माइककडे जातो. सिकंदर अली वज्द (१९१४-१९८३) हे वैजापूरचे. अजिंठा आणि वेरूळवर नज्मा लिहिणारे. बशर नवाज (१९३५-२०१५) तर 'बाजार' चित्रपटामुळे देशभर पोहोचलेले आमचे शायर. या पिढीने शमा आणि माइक यांच्यामधला बदल पाहिला. तरन्नुममध्ये म्हणणाऱ्याला माइक फळला. तहत-उल-लफ्ज म्हणणाऱ्याला मात्र थोडी अडचण झाली, कारण तो हातवारे करतो, मान वळवून साथीदाराकडून दाद घेतो आणि नेमका मिसऱ्याचा शेवट, म्हणजे काफिया-रदीफ, माइकच्या बाहेर सांडतो.

आवाज खरा की नक्कल?

मशिदीत लाउडस्पीकर आला तेव्हा उलेमांमध्ये मोठी चर्चा झाली. आज काही मंडळी या चर्चेची चेष्टा करतात. आम्हांला ती चेष्टा मान्य नाही, कारण प्रश्न अगदी शास्त्रीय होता. भोंग्यातून ऐकू येतो तो इमामाचाच आवाज आहे की त्याची नक्कल? नक्कल असेल तर तिच्यामागे रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होईल काय? मौलाना अशरफ अली थानवी (निधन १९४३) यांनी यासाठी विज्ञान जाणणाऱ्यांकडे विचारणा केली. मुफ्ती मुहम्मद शफी (निधन १९७६) यांनी या विषयावर लिहिले. आधी त्यांचे मत नमाजमध्ये लाउडस्पीकर नको असे होते, पुढे अधिक माहिती घेऊन त्यांनी नमाज होते असा निर्वाळा दिला. काही जमातींत आजही यंत्रासोबत मुकब्बिर उभा करतात. वीज गेली तर नमाज अडू नये हाही त्यात शहाणपणा आहे.

शास्त्र काय सांगते? माइकमधला पडदा आवाजाच्या लाटेने हलतो, त्या हालचालीची वीज होते, वीज वाढवली जाते आणि तिने स्पीकरचा पडदा हलतो. हवा नवी, पण हालचाल तीच. म्हणजे खरा आवाज की नक्कल या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मधल्या यंत्राच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. वाईट माइक खोटे बोलतो. तो काही सूर वाढवून सांगतो, काही गिळतो. उलेमांचा प्रश्न आजही प्रत्येक साउंडवाल्याने स्वतःला विचारावा असाच आहे.

कोणता माइक, कोणासाठी?

मराठीत आपण माइकला सर्रास ध्वनिक्षेपक म्हणतो. 'अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतला' असे वर्तमानपत्रात छापून येते. खरे तर माइक ध्वनी फेकत नाही, तो घेतो. तो ध्वनिग्राहक आहे. नावातल्या या घोळामुळे आपण माइक निवडताना 'किती मोठा आवाज येईल' हे विचारतो. विचारायला हवे ते 'काय आत येईल आणि काय बाहेर राहील'.

स्टेजवर गाणाऱ्या-बोलणाऱ्यासाठी साधा डायनॅमिक माइक बरा. त्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकात हलते. दणकट असतो, पडला तरी चालतो, बाहेरून वीज लागत नाही. शुअर कंपनीने १९६६ मध्ये काढलेला 'एसएम ५८' जगभर या कामासाठी वापरला जातो. आपल्या गावोगावच्या मंडपांत भारतीय बनावटीचे, आहुजाचे माइक अधिक दिसतात. हे माइक बहुधा कार्डिऑइड, म्हणजे हृदयाच्या आकाराने ऐकणारे. समोरचे पूर्ण ऐकतात, बाजूचे कमी आणि पाठीमागचे जवळजवळ नाही. म्हणून मॉनिटर स्पीकर माइकच्या पाठीमागे ठेवायचा. तो समोर ठेवला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, अशी फेरी सुरू होते आणि शिट्टी वाजते. पुष्कळ गायक स्टाइलमध्ये माइकची जाळी मुठीत धरतात. तसे केले की बाजूच्या फटी बंद होतात, माइक चहूकडचे ऐकू लागतो आणि शिट्टी हमखास येते. यात बिचाऱ्या साउंडवाल्याचा दोष नसतो.

या माइकची आणखी एक खोड आहे. ओठ जवळ नेले की खर्ज फुगतो. बारीक आवाजाच्या निवेदकाला ते मानवते. भरदार आवाजाच्या मौलवीसाहेबांचा किंवा बुवांचा शब्द मात्र त्यात बुडतो. त्यांनी वीतभर अंतर ठेवावे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुष्कळ भागते.

कव्वालीची गोष्ट अवघड. आठ-दहा माणसे, दोन हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्या. प्रत्येकाला माइक द्यावा असे वाटते. परंतु उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. म्हणून मुख्य कव्वाल आणि त्याचा जोडीदार यांना स्वतंत्र माइक, ढोलकला एक, हार्मोनियमला एक आणि हमनवांना मिळून एक-दोन, एवढे बस झाले. टाळ्यांना वेगळा माइक देऊ नये. त्या सगळ्यांच्या माइकमध्ये आपोआप शिरतात. कीर्तनकाराचे काम निराळे. तो नाचतो, मागे वळतो, हातात चिपळ्या असतात. त्याला कानाला अडकवायचा किंवा कॉलरचा छोटा माइक हवा. हे छोटे माइक शक्य झाले ते सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधलेल्या इलेक्ट्रेट प्रकारामुळे. आपल्या मोबाइलमधल्या माइकची वंशावळही त्या काळच्या याच धडपडीशी जोडलेली आहे.

स्टुडिओत गाण्यासाठी कंडेन्सर. तो सुईच्या टोकाएवढा आवाजही टिपतो, त्याला सहसा ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते आणि खोली शांत लागते. इथेच आमचा घात झाला.

खालांचा आवाज

आमच्या एक खाला जुन्या शहरात राहत. लग्नघरी हळदीच्या रात्री ढोलक के गीत म्हणायला त्यांनाच बोलावणे येई. त्यांना चक्कीवरची गाणी येत, झूला येत, लोरी येत. भाषा दखनी, पण तिच्यात अर्धे शब्द आपले मराठी. दख्खनच्या सूफींशी जोडलेली चक्कीनामे अशीच बायकांच्या तोंडी जगली असे अभ्यासक सांगतात. आणि आपल्या मराठी जात्यावरच्या ओव्या ही त्यांची सख्खी बहीण. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक आज मूळ आवाजात ऐकता येतात. ते पाहून आम्हीही ठरवले, खालांचे गाणे मुद्रित करायचे.

कोणीतरी सांगितले, भारीतला कंडेन्सर माइक घ्या. आम्ही ओळखीच्याकडून मागून आणला. खालांच्या दालनात, पत्र्याच्या छताखाली, स्टँडवर लावला. खालांना संकोच वाटू नये म्हणून चांगला सहा फूट दूर ठेवला. डोक्यावर पंखा फिरत होता. तो बंद करायला सांगणे आम्हांला बेअदबी वाटली. खाला दोन तास गायल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "बेटा, इसमें मेरी आवाज जाती क्या?" आम्ही म्हटले, "जाती ना खाला, आप गाओ."

घरी येऊन ऐकले. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, गल्लीतली रिक्षा, बकरीचे ओरडणे, सगळे स्वच्छ. त्या भारी माइकने इमानेइतबारे सगळा मोहल्ला टिपला होता. फक्त खाला दूर कुठेतरी, विहिरीच्या तळाशी बसून गात असल्यासारख्या. शब्द कळत नव्हते. आम्ही म्हटले, ईदनंतर पुन्हा जाऊ. ईदनंतर शाळा सुरू झाली, मग पाऊस, मग कोणाचे लग्न. थंडीत खाला अल्लाहला प्यारी झाल्या. त्या दोन तासांतून आम्ही आजवर चार गाणी कशीबशी कागदावर उतरवली आहेत. शब्द राहिले, आवाज गेला. अमीर हसन सिजझींच्या काळी यंत्र नव्हते. आमच्याकडे यंत्र होते, अक्कल नव्हती.

पुढे आम्ही खालांच्या एका जुन्या मैत्रिणीकडे गेलो. या वेळी स्टेजवरचा साधा डायनॅमिक माइक नेला. तो तोंडापासून चार बोटांवर, थोडा बाजूला धरला म्हणजे प, फ, भ चा फटका बसत नाही. पंखा बंद करण्याची परवानगी अदबीने मागितली, बाई हसून म्हणाल्या, "इत्तीच बात थी क्या?" पत्र्याचा आवाज घुमू नये म्हणून मागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. फ्रिजचा स्विच काढला. सकाळी फजरनंतर, गल्ली जागी होण्याआधी बसलो. सुरुवातीला तारीख, मोहल्ला आणि हे गाणे त्या कोणाकडून शिकल्या ते त्यांच्याच तोंडून बोलून घेतले. गौहर जानच्या नाव सांगण्याचा अर्थ तेव्हा नीट कळला. त्यांना खालांची सगळी गाणी येत नाहीत, पण येतात तेवढी आता स्वच्छ ऐकू येतात.

शेवटी

आज आवाज हा शब्द उच्चारला की लोकांना भोंगा आठवतो आणि भोंगा म्हटले की भांडण. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला बळकटी दिली. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असे सांगितले. कायदा सर्वांसाठी सारखा राबवला जावा, ही आमची मागणी आहे. परंतु आपल्या बाजूने एवढे तरी मान्य करू की मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार दिशांना चार भोंगे लावून जे साधत नाही, ते चांगला माइक नीट अंतरावर ठेवून आणि श्रोत्यांजवळ छोटे स्पीकर लावून साधते.

१९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण माइक हाती घेतला आणि मराठीत बोललो. बोलण्याचे ते काम चालू आहे आणि चालू राहीलच. आता ऐकण्याचे काम बाकी आहे. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाडीवस्तीवर अजून एखादी खाला, एखादी आजी, एखादे नव्वदीचे फकीरबाबा, एखादे म्हातारे ढोलकवाले आहेत. त्यांना स्टेजवर आणण्याची गरज नाही. आपणच त्यांच्या दालनात जाऊन बसावे. भारी माइकची वाट पाहू नये. खिशातला मोबाइलही चालेल, पण तो तोंडाजवळ धरावा, पंखा बंद करावा आणि ईदनंतर जाऊ असे म्हणू नये.